मराठी-कन्नड वाचन आणि आय-ट्रॅकिंग: ६० हर्ट्झच्या यंत्रावर काय जमेल, काय नाही

आय-ट्रॅकिंग म्हणजे वाचताना नजर कुठे आणि किती वेळ थांबते ते यंत्राने टिपणं. त्यासाठीचा तुमचा बेत असा दिसतो: बेळगाव-खानापूरकडच्या, दोन्ही भाषा वाचणाऱ्या कॉलेजच्या मुलांना एकच मजकूर मराठीत आणि कन्नडात दाखवायचा आणि नजर जिथे जास्त रेंगाळेल ती भाषा मेंदूला जड, असं म्हणायचं. शिवाय दुपारच्या सत्रात कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येकाची नजर यंत्राशी जुळवून घेणं, बिघडतं, ही तक्रार.

बेताचा पहिला भाग सोडून द्या, असंच सांगेन. ‘तो घरात आहे’ यातल्या ‘घरात आहे’ला कन्नडात ‘मनेयल्लिद्दाने’ हा एकच शब्द पुरतो. शब्द लांबला की त्यावर नजर जास्त वेळ थांबणारच. त्यात अवघडपणाचा संबंध नसेलही. लिपीही वेगळी: मराठीला शिरोरेषा, तर कन्नडाची जोडाक्षरं ओळीखाली लोंबतात. दोन भाषांचे मिलिसेकंद शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

त्यापेक्षा मराठीच्या आतच तुलना करा. सीमाभागात यासाठी सोन्यासारखं साहित्य आहे. ‘तूप’ कन्नडात ‘तुप्प’, पण ‘दूध’ मात्र ‘हालु’. असे सामाईक आणि वेगळे शब्द जोडीने निवडा. लांबी आणि वापराचं प्रमाण जुळवा. (तूप-दूध फक्त नमुन्याला. इतके छोटे शब्द नजर बऱ्याचदा न थांबताच ओलांडते, म्हणून चार-पाच अक्षरांचे शोधा.) तीच वाक्यं कन्नड न येणाऱ्या, समजा साताऱ्याकडच्या, वाचकांनाही द्या. फरक फक्त तुमच्या मुलांत दिसला, तर मराठी वाचतानाही कन्नड जागी असते, असं म्हणायला आधार मिळतो.

आता यंत्र. ६० हर्ट्झ म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक नमुना. वाचताना नजर एका जागी साधारण २०० ते २५० मिलिसेकंद थांबते, ते पकडता येतं. दोन थांब्यांमधली उडी, म्हणजे सॅकेड, २० ते ४० मिलिसेकंदांची. तिच्यात एक-दोनच नमुने सापडतात. उडीचा वेग मोजायच्या किंवा नजर हलताच शब्द बदलायच्या प्रयोगाच्या वाटेला जाऊ नका. शब्दावरचा एकूण वेळ आणि मागे फिरलेली नजर, एवढ्यावर भर द्या.

पडद्यापासून ६० सेंटीमीटरवर बसलं तर नजरेच्या कोनातला १ अंश म्हणजे पडद्यावर सुमारे १ सेंटीमीटर. अशा यंत्राची चूक प्रत्यक्षात १ अंशापर्यंत जाते, त्यामुळे परिच्छेदात नजर कुठल्या ओळीवर होती हेच कळेनासं होतं. एका वेळी एकच वाक्य, एकाच ओळीत दाखवा आणि तपासायचा शब्द ओळीच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवू नका.

दुपारी बिघडतं त्याचं कारण बहुधा ऊन. यंत्र अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात बाहुली आणि बुबुळावरची चमक शोधतं, आणि उन्हात अवरक्त भरपूर असतो. खिडकीच्या पातळ पडद्याने तो अडत नाही. जाड पडदा लावा किंवा खिडकी नसलेली, आतली खोली घ्या. तारेचा पिवळा बल्बही नको, एलईडी चालेल. दाट काजळाला यंत्र बाहुली समजतं, तेव्हा बोलावतानाच काजळ न लावता यायला सांगा. चष्म्यावर चमक आली तर यंत्राचा कोन थोडा बदला. डोकं हलू नये म्हणून चाकांवर सरकणारी ऑफिसची खुर्ची काढून साधी ठेवा आणि हनुवटीला लाकडी टेकू सुताराकडून करून घ्या. कॅलिब्रेशन ९ ठिपक्यांचं करा, लगेच पडताळा, आणि दर दहा वाक्यांनी एक ठिपका दाखवून नजर सरकली का पाहा. सरकली असेल तर पुन्हा करा.

शेवटी, मुलांकडून भरून घ्यायचं माहितीपत्रक. ‘मातृभाषा मराठी’ एवढ्या नोंदीवर भागणार नाही. शाळेचं माध्यम कोणतं, कन्नड वाचायला कुठल्या इयत्तेत शिकले, घरी कोणती बोलतात, रोज काय वाचतात, हे चारही विचारा. निपाणीत मराठी माध्यमात शिकलेला आणि खानापुरात पहिलीपासून कन्नड माध्यमात गेलेला, असे दोघे एकाच गटात घातलेत तर सरासरीत दोघांचंही वाचन हरवेल.