ड्रॉप बदलून झाले, कारण कोण शोधणार?

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी सोलापूरची, वय ४९, शाळेत शिकवते. तीन वर्षं झाली डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय, संध्याकाळी वह्या तपासायला बसले की चरचर सुरू होते, आणि गंमत म्हणजे सगळे म्हणतात डोळे कोरडे आहेत पण माझ्या डोळ्यांतून तर पाण्याच्या धारा लागतात, गाडीवर बसलं की जास्तच. तीन डॉक्टर झाले, प्रत्येकाने आधीच्याचे ड्रॉप बंद करून आपले दिले. एकांनी कागदाची पट्टी लावून टेस्ट केली, उजवा ४ आणि डावा ६ आला, पण त्याचं पुढे काय ते कुणी सांगितलं नाही. शुगर नॉर्मल आहे, चष्मा बदलून झाला, पाळी जाऊन दीड वर्ष झालं. शिंकांसाठी रोज रात्री लिव्होसेट्रिझिन घेते, खूप वर्षं झाली, आणि डोकेदुखीसाठी मागच्या वर्षीपासून अ‍ॅमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी चालू आहे. तोंडालाही कोरड पडते, भाकरी पाण्याशिवाय घशाखाली उतरत नाही, दोन दाढांचं रूट कॅनाल झालं, सकाळी बोटं आखडतात पण ते वयामुळे असेल. ड्रॉप आयुष्यभर टाकायची तयारी आहे हो, पण हे होतंय कशामुळे ते तरी कळू दे.

उत्तर : ताई, तुम्ही जे 'वयामुळे असेल' म्हणून सोडून दिलंय ना, मला त्यातच जास्त रस आहे, पण आधी त्या पाण्याचं सांगते कारण हा प्रश्न ओपीडीत रोज येतो. आपल्या डोळ्यांवर कायम पाण्याचा एक पातळ थर असतो, त्यात बुबुळाला चिकटून राहणारा चिकट भाग, वर पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा पापुद्रा असतो. हा थर फाटला की बुबुळ उघडं पडतं, तिथल्या नसा बोंब मारतात आणि अश्रूंची मुख्य ग्रंथी भसकन पाणी सोडते. ते पाणी गालावर येतं, डोळ्यावर टिकत नाही. म्हणून पाणी गळणारा डोळासुद्धा कोरडा असू शकतो, आणि वाऱ्यावर गाडी चालवताना जास्त गळतं ते याच कारणाने.

आता मुद्द्याचं. ड्राय आय हे अर्धवट निदान आहे, म्हणजे ताप आहे म्हणण्याइतकंच, ताप कशाचा ते पुढे बघावंच लागतं. ढोबळमानाने दोन प्रकार, एक तर पाणीच कमी तयार होतं किंवा पाणी ठीक आहे पण तेल खराब म्हणून ते लगेच उडून जातं. दुसरा प्रकार जास्त दिसतो, पुष्कळ जणांत दोन्ही मिसळलेले असतात. तुमची कागदाची पट्टी म्हणजे शर्मर टेस्ट, ५ मिनिटांत पट्टी किती मिलिमीटर भिजते ते मोजतात, १० च्या वर असेल तर साधारण बरं आणि ५ किंवा त्याच्या खाली म्हणजे पाणी खरोखर कमी. तुमचे ४ आणि ६ म्हणजे पाणी कमी बनतंय हे जवळपास उघड आहे. ही टेस्ट थोडी लहरी असते, आज एक आकडा उद्या दुसरा, म्हणून परत करायला सांगा, पण आकडा आल्यावर तो का आला हे न विचारता नुसते ड्रॉप बदलत राहणं मला पटत नाही.

पाणी कमी का, याचे तुमच्या पत्रातच दोन संशयित बसलेत. पहिला तुमच्या गोळ्या. लिव्होसेट्रिझिन शिंका थांबवते तशी डोळे आणि तोंडही सुकवू शकते, जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांइतकी नाही पण रोज वर्षानुवर्षं घेतली तर हिशोबात धरावीच लागते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन तर तोंड कोरडं पाडण्यासाठी प्रसिद्धच आहे. ती मागच्या वर्षी सुरू झाली आणि डोळे तीन वर्षांपासून त्रास देतायत, म्हणजे सुरुवात तिने केलेली नाही, भर घातली असेल. एक काम करा, कागदावर लिहून काढा की कुठली गोळी कधी सुरू झाली, डोळे कधीपासून, तोंड कधीपासून, बोटं कधीपासून. बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, डिप्रेशनच्या काही गोळ्या, पाळी गेल्यावर दिलेल्या हॉर्मोनच्या गोळ्या, यातलं काही घेत असाल आणि लिहायचं राहिलं असेल तर तेही टाका. शिंकांसाठी रोजच्या गोळीऐवजी नाकाचा स्प्रे चालेल का ते कानाघशाच्या डॉक्टरांना विचारता येईल. डोकेदुखीची गोळी मात्र मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांच्याशी बोला, तिला पर्याय आहेत.

दुसरा संशयित जास्त महत्त्वाचा आहे आणि तो तीनही ठिकाणी कुणी विचारातच घेतला नाही याचं मला नवल वाटतं. डोळे कोरडे, तोंड इतकं कोरडं की भाकरी उतरत नाही, दाढा किडतायत, सकाळी बोटं आखडतात, वय ४९, बाई. एवढं सगळं एका माणसात दिसलं की श्योग्रेन सिंड्रोम तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. यात आपलीच प्रतिकारशक्ती अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते. हेन्रिक श्योग्रेन नावाच्या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली आपल्या प्रबंधात अशा १९ बायकांची हकीकत मांडली, त्यातल्या बऱ्याच जणींना सांधेदुखीही होती, म्हणजे डोळे आणि सांधे एकत्र बघायचे हे एका डोळ्यांच्याच डॉक्टरने जवळपास शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. हा आजार साधारण दर १० रुग्णांत ९ बायकांना होतो आणि चाळिशी ते साठीच्या दरम्यान जास्त सापडतो. टेनिसवाली व्हीनस विल्यम्स २०११ मध्ये यूएस ओपन अर्ध्यातून सोडून गेली ती याच आजारामुळे, तिलाही निदान व्हायला वर्षं लागली होती. आपल्याकडे 'थकवा आहे, पाळी गेलीय, होणारच' यात बायकांची कितीतरी वर्षं जातात.

दाढांचं कोडंही इथेच सुटतं बघा. लाळ कमी झाली की दात धुतले जात नाहीत आणि हिरडीजवळ, जिथे सहसा कीड लागत नाही तिथे लागते. दाताच्या डॉक्टरांना विचारा कीड नेमकी कुठे होती. कानाखाली, गालाच्या मागच्या बाजूला कधी सूज येऊन गेली का तेही आठवा.

तपासण्या अशा. रक्तात एएनए, अँटी-रो म्हणजे एसएसए, अँटी-ला म्हणजे एसएसबी, आरए फॅक्टर, या चारही प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटलीय का ते बघणाऱ्या, सोबत सीबीसी, ईएसआर, थायरॉइड, हिपॅटायटिस सी, शुगरचं तीन महिन्यांचं एचबीए१सी. थायरॉइड का, तर त्यात कधीकधी पापण्या वर ओढल्या जातात, डोळा नीट मिटत नाही आणि पाणी उडतं. शुगर का, तर जुन्या डायबेटिसमध्ये बुबुळाच्या नसा बधिर होतात आणि डोळ्याला आपण कोरडे पडलोय हेच कळत नाही. तुमची नॉर्मल म्हणताय ती बहुतेक उपाशीपोटीची असेल म्हणून हे सांगितलं. आणि एक लक्षात ठेवा, अँटी-रो निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असं नाही, काहींना आजार असूनही ती निगेटिव्ह येते, मग खालच्या ओठाच्या आतून लाळेच्या बारीक ग्रंथींचा तुकडा काढून तपासतात. नाव बायोप्सी असलं तरी जागा बधिर करून करतात, अ‍ॅडमिट व्हावं लागत नाही. हे सगळं संधिवाततज्ज्ञांकडे, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टकडे जाऊन करा, सोलापूरला नाही जमलं तर पुण्याला. घाबरवायचं नाहीये मला, पुष्कळ बायका हा आजार घेऊन व्यवस्थित नोकरी-संसार करतात, पण फुप्फुस, किडनी, नसा यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं आणि थोड्या जणींना पुढे लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर होतो, त्यामुळे नाव कळलेलं बरं. आणि तपासण्यांतून काहीच निघालं नाही तर गोळ्या आणि पाळी जाण्याने झालेले बदल, हे दोघंच दोषी, तेही कळलेलं बरं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मात्र परत जायचंच आणि दोन गोष्टी मागून घ्यायच्या. एक, पिवळा रंग घालून पाण्याचा थर किती सेकंदांत फाटतो ते बघणं, १० सेकंदांच्या आत फाटला तर तो टिकत नाहीये. दोन, पापणीच्या कडा दाबून तेल कसं येतं ते. वरच्या पापणीत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० तेलाच्या ग्रंथी असतात, चांगलं तेल पातळ आणि स्वच्छ येतं, बिघडलेलं मात्र थंडीत थिजलेल्या खोबरेल तेलासारखं घट्ट होतं आणि बाहेरच येत नाही. तुम्हाला संध्याकाळी जास्त त्रास होतो, त्यामुळे तेलाचाही थोडा दोष असेल असं मला वाटतं. ज्यांना सकाळी उठल्या उठल्या जास्त खुपतं त्यांनी रात्री डोळे पूर्ण मिटतात का ते घरच्यांना बघायला सांगावं, थोडी फट राहते आणि वर पंखा गरगरत असतो, कित्येकांचं कारण एवढंच निघतं.

तोपर्यंत काय? दिवसातून चार-सहा वेळांपेक्षा जास्त ड्रॉप लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मागा, कारण बाटली टिकावी म्हणून घातलेलं बेंझाल्कोनियम क्लोराइड स्वतःच डोळ्याची आग करू शकतं. पापण्यांना गरम शेक १० मिनिटं, पण कपडा दोन मिनिटांत गार होतो तो परत गरम करावा लागतो, नाहीतर नुसता विधी होतो, आणि मग पापणीच्या कडेकडे हलकं चोळायचं. डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिनचे, म्हणजे डोळ्यातला दाह कमी करणारे ड्रॉप दिले तर आठवड्यात सोडून देऊ नका, सुरुवातीला चुरचुरतात आणि फरक दिसायला महिने लागतात. ओमेगा-३ च्या कॅप्सूलवर मात्र पैसे घालवण्याआधी विचार करा, २०१८ साली अमेरिकेतला ड्रीम नावाचा मोठा अभ्यास आला त्यात या कॅप्सूल ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत. आणि मेडिकलवाल्याने 'लाली जाईल' म्हणून दिलेला स्टेरॉइडचा ड्रॉप नकोच, डोळे पांढरेशुभ्र होतात खरे पण मनाने घेत राहिलात तर आतलं प्रेशर वाढतं, मोतीबिंदू होतो.

प्रश्न : मॅम मी २७ चा, हिंजवडीत आयटीत आहे, दिवसभर दोन स्क्रीन आणि डोक्यावर एसी. दोन-तीन महिन्यांपासून डोळे जळतात, कॉन्टॅक्ट लेन्स दुपारनंतर सहनच होत नाहीत. चष्म्याची कटकटच नको म्हणून दिवाळीनंतर लेसिक करून टाकू का? औषध काही चालू नाही, फक्त पिंपल्ससाठी स्किनवाल्यांनी दिलेली आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल आहे चार महिने.

उत्तर : अरे, 'औषध काही नाही, फक्त' म्हणतोस आणि त्याच वाक्यात कारण सांगतोस! ती कॅप्सूल चेहऱ्यावरच्या तेलाच्या ग्रंथी आकसवते म्हणूनच पिंपल्स जातात, पापणीतल्या तेलाच्या ग्रंथी तिला वेगळ्या कळत नाहीत. तुझे ओठ फुटत असतील तेही तिचंच काम. कॅप्सूल चालू असताना लेसिक नाही, संपल्यावरही काही महिने थांब आणि मग पाण्याच्या टेस्ट करून ठरव, कारण लेसिकमध्ये बुबुळाच्या बारीक नसा कापल्या जातात आणि डोळे आधीच कोरडे असतील तर नंतरचे सहा महिने-वर्ष फार जड जातं. स्क्रीनचाही हात आहेच, एरवी माणूस मिनिटाला १५ च्या आसपास पापण्या मिटतो, स्क्रीनपुढे ते निम्म्याच्याही खाली येतं आणि मिटतो तेही अर्धवट. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली घे म्हणजे डोळा कमी उघडा राहतो, एसीचा झोत तोंडावर येत असेल तर जागा बदलून माग, लेन्स सध्या डबीत ठेव. कॅप्सूल बंद करायची की डोस कमी करायचा ते स्किनच्या डॉक्टरांना विचार, मेसेज करून नाही, जाऊन.

प्रश्न : आमचे सासरे ७२ वर्षांचे, रत्नागिरीला असतात. काचबिंदूचे दोन ड्रॉप बरीच वर्षं चालू आहेत, आता डोळे लाल आणि कोरडे असतात म्हणून सासूबाई रात्री गुलाबपाणी घालतात. चालेल का?

उत्तर : गुलाबपाणी आजच बंद, ते निर्जंतुक नसतं आणि सुगंधासाठी त्यात काय काय घातलंय ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. काचबिंदूचे ड्रॉप मात्र एक दिवससुद्धा चुकवू नका, त्यातून गेलेली नजर परत येत नाही. लाली आणि कोरडेपणा बहुतेक त्याच ड्रॉपमधल्या प्रिझर्वेटिव्हचा आहे, दोन बाटल्या म्हणजे रोज दुप्पट. पुढच्या वेळी बाबांना नेताना दोन्ही बाटल्या बरोबर न्या आणि विचारा की प्रिझर्वेटिव्ह नसलेलं मिळेल का, किंवा दोन औषधं एकाच बाटलीत येतील का. थोडं महाग पडेल. आणि दोन ड्रॉपच्या मध्ये पाच मिनिटं तरी जाऊ देतात का ते बघा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो.