‘सगळंच करते, एकही धड नाही’: धावणारी, गाणी लिहिणारी मुलगी आणि लॉटी डॉडचा तक्ता

“मॅडम, पहाटे मैदानावर, संध्याकाळी पेटीवर, रात्री वहीत काहीतरी खरडत असते. एक ना धड भाराभर चिंध्या! अकरावी सायन्स आहे हो हिचं.”

मुलीबद्दल सल्ला घ्यायला आमच्याकडे आलेल्या नाशिकच्या एका वडिलांचं हे बसल्याबसल्या पहिलं वाक्य. मुलगी सोळा वर्षांची, ८०० मीटर धावणारी, शिवाय स्वतः गाणी लिहून त्यांना चाली लावणारी. आई बोलत नव्हती, पण मान डोलावत होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) अकरावीचे प्रवेश झाले की ही काळजी घेऊन पालक हमखास येतात, फक्त कुठे पेटीच्या जागी चित्रकला असते, कुठे धावण्याच्या जागी बुद्धिबळ.

या मुलीनं मात्र आपला वकील सोबत आणला होता. “बाबा, लॉटी डॉड पाच वेळा विम्बल्डन जिंकली, इंग्लंडकडून हॉकी खेळली, गोल्फ जिंकली, ऑलिंपिकचं मेडल घेतलं. वर गायचीसुद्धा. तिला कुणी चिंध्या म्हणालं का?”

“तिच्या बापाकडे पैसा असेल,” वडील म्हणाले.

गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. लॉटीच्या वडिलांनी लिव्हरपूलच्या कापूस व्यापारात बक्कळ कमावलं होतं. बेबिंग्टनच्या घरी दोन टेनिस कोर्टं होती, भावंडांना आयुष्यात नोकरी करायची वेळ आली नाही. त्या काळी बायकांच्या स्पर्धेत उतरणाऱ्याही मोजक्याच. १९०८ च्या ऑलिंपिकच्या तिरंदाजीत २५ बायका होत्या आणि त्या सगळ्या ब्रिटिश. हे लपवून मुलांना ‘बघा, एक बाई सगळं करू शकते’ असं सांगणं ही फसवणूक आहे. जिल्हा स्तरावर ८०० मीटर धावणाऱ्या मुलीची गाठ आज वर्षभर फक्त तेच करणाऱ्या मुलींशी पडते.

पण डॉडच्या आयुष्यातली खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती बापलेकींपैकी कुणीच पाहिली नव्हती. ती दिसावी म्हणून एक आडवा कागद घ्यायचा. वरच्या कडेला वर्षं लिहायची, डावीकडे एकाखाली एक उद्योग. ज्या वर्षी जे मुख्य, तो चौकोन पेन्सिलीनं गच्च भरायचा, जे चालू आहे पण जोडीला, तो हलका, बाकी कोरे. वीस मिनिटांचं काम. भरायला मुलीलाच बसवलं.

टेनिसची ओळ आधी. जन्म १८७१, बहिणीबरोबर मँचेस्टरला पहिली स्पर्धा १८८३ मध्ये, म्हणजे अकराव्या वर्षी. १८८७ मध्ये, १५ वर्षं २८५ दिवसांची असताना, ब्लांश बिंगलीला ६-२, ६-० हरवून विम्बल्डन. मग १८८८, १८९१, १८९२, १८९३. मधली दोन वर्षं तिनं तिथे नावच दिलं नाही. १८९३ नंतर विम्बल्डनच्या एकेरीत ती पुन्हा उतरली नाही, तेव्हा ती बावीस वर्षांचीही नव्हती. दहा वर्षं गच्च काळी, मग रेघ संपली.

पुढची ओळ गोल्फची. १८९४ पासून ब्रिटिश महिला स्पर्धेत नाव, १८९८ आणि १९०० मध्ये उपांत्य फेरी, आणि १९०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ट्रूनला मे हेझलेटला अंतिम सामन्यात एका होलच्या, म्हणजे चेंडू घालायच्या एका खळग्याच्या, फरकानं मात. म्हणजे गोल्फलाही दहा वर्षंच लागली. मध्ये हॉकी: १८९९ मध्ये इंग्लंडकडून आयर्लंडविरुद्ध, १९०० मध्ये पुन्हा त्यांच्याशीच, २-१ अशा विजयात दोन्ही गोल तिचे. बर्फातले उद्योग, म्हणजे सेंट मॉरिट्झचं स्केटिंग आणि आल्प्समधली चढाई, हिवाळ्यापुरते.

तिरंदाजीच्या ओळीपाशी मुलगी थांबली. ती ओळ बरीच वर्षं हलकी होती. घरच्यांबरोबर सहज म्हणून चालायचं. १९०५ मध्ये कुटुंब न्यूबरीला राहायला गेल्यावर लॉटीनं ती मनावर घेतली आणि चौकोन काळे झाले. १९०८ च्या जुलैत लंडनला दोन दिवसांत १४४ बाण: रोज ६० यार्डांवरून ४८ आणि ५० यार्डांवरून २४. पहिल्या दिवसाअखेर ती पुढे होती. शेवटी क्वीनी न्यूअलचे ६८८ झाले, हिचे ६४२. रौप्य. (सुवर्ण घेणारी न्यूअल तेव्हा ५३ वर्षांची होती. ‘आता वय गेलं’ म्हणणाऱ्या आयांना आम्ही हे आवर्जून सांगतो.)

आणि गाणं? पियानो, बँजो, पुढे लंडनच्या वृंदात गाणं. ती ओळ तळाशी, टोकापासून टोकापर्यंत फिकी.

कागद पूर्ण झाल्यावर वडिलांना विचारलं, “कुठल्या एका वर्षात दोन चौकोन काळे आहेत?” हॉकी-गोल्फची एकदोन वर्षं सोडली तर नव्हते. भाराभर होतं, पण एका वेळी नव्हतं.

आता तोच कागद मुलीसाठी, मागच्या तीन वर्षांचा. इथे मात्र सगळ्या ओळी सारख्याच करड्या. त्यातही फरक निघाला तो वह्या पाहिल्यावर. धावण्याची डायरी नीट होती: तारीख, किती मीटर, किती वेळा, वेळ, झोप. गाण्याच्या वहीत मुखडेच मुखडे. एखाद्याखाली अंतऱ्याच्या दोन ओळी, मग बाण काढून ‘नंतर’. पूर्ण गाणं एकही नाही. म्हणजे अडचण दोन गोष्टी करण्यात नव्हती. एक गोष्ट शेवटाला न नेण्यात होती. पालक हे दोन्ही एकाच शब्दात कोंबतात, ‘चंचल’ म्हणतात आणि उपाय म्हणून एक गोष्ट बंद करतात. बंद केलेली गोष्ट बहुधा मुलाला सगळ्यात जवळची निघते आणि पुढचे सहा महिने घरात अबोला.

गाण्याच्या बाजूनं डॉडचं उदाहरण तोकडं पडतं, ती गाणारी होती, रचणारी नव्हे. तिथे तिच्याच काळातल्या एथेल स्मिथची गोष्ट उपयोगी पडली. संगीतकार, शिवाय गोल्फची वेडी, सायकल, डोंगर सगळं. घर बांधलं तेही वोकिंगच्या गोल्फ मैदानाजवळ. १९१० मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत शिरताना तिनं ठरवलं, दोन वर्षं चळवळीची, संगीत बाजूला. त्या दोन वर्षांतच चळवळीचं कूचगीत झालं: शब्द सिसली हॅमिल्टनचे, चाल स्मिथची, पहिल्यांदा गायलं गेलं जानेवारी १९११ मध्ये. १९१२ मध्ये खिडकी फोडल्याबद्दल होलोवे तुरुंगात असताना खाली अंगणात बायका ते गात होत्या आणि ही वरच्या खिडकीतून दात घासायच्या ब्रशनं ताल देत होती, अशी वाद्यवृंदाचा संचालक टॉमस बीचमनं सांगितलेली आठवण आहे. मुलीला ब्रश आवडला. आम्हाला तिच्या डोक्यात घालायची होती ती मुदत: बाजूला ठेवलेली गोष्ट कधी परत उचलायची, हे ठेवतानाच ठरलेलं.

वडिलांचा पुढचा प्रश्न रास्त होता: “ही सगळी गोऱ्यांची. आपल्याकडे?” मुंबईच्या मेरी डिसोझा १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला १०० आणि २०० मीटर धावल्या आणि भारताकडून हॉकीही खेळल्या. त्यांच्यामागे कापसाचा पैसा नव्हता.

मग हिशेब. आठवड्याचे तास १६८. झोप साडेआठ तासांनी ५९.५, कॉलेज ३६, येणंजाणं ९, क्लास १२, घरचा अभ्यास १४, आंघोळ, जेवण, घरकाम मिळून १७.५. झाले १४८. उरले २०. धावणं पाच दिवस, मैदानावर जाणं-येणं धरून रोज दोन तास, म्हणजे १०. राहिलेल्या दहात गाणं, मैत्रिणी, फोन आणि काहीच न करणं. वडिलांना वाटत होतं गाणं अभ्यास खातं. कागदावर दिसलं की गाणं झोप खातंय: गाणी रात्री अकरानंतर लिहिली जात होती. डायरीत मंगळवार आणि गुरुवारचे इंटरव्हल (थांबून थांबून वेगात धावण्याचा सराव) ढेपाळलेले होते, कारण सोमवार-बुधवारी रात्री गाणं. प्रशिक्षक म्हणायचे ‘लक्ष नाही’. लक्ष होतं, झोप नव्हती.

ठरलं ते असं. जून ते स्पर्धांचा हंगाम संपेपर्यंत धावणं मुख्य. गाणं जोडीला, पण ठरलेल्या वेळेत: रविवारी सकाळी दोन तास, बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी पाऊण पाऊण तास. रात्री साडेदहानंतर वही दिवाणखान्यात. ओळ सुचलीच तर फोनवर अर्ध्या मिनिटात गुणगुणून ठेवायची आणि झोपायचं. दिवाळीपर्यंत नवा मुखडा लिहायचा नाही. जुन्यांतले तीन निवडून दोन दोन अंतरे, चाल पक्की, घरच्या चार माणसांसमोर एकदा सलग गाऊन दाखवायचं. गाऊन दाखवलं की गाणं पूर्ण, एरवी नाही. हा नियम मुलीला सगळ्यात जाचक वाटला, म्हणून तोच सगळ्यात महत्त्वाचा होता.

सोडण्याचेही नियम लिहून घेतले. हंगामाच्या मध्यात सोडायचं नाही, हरल्यानंतरच्या आठवड्यात तर नाहीच. सोडायचं ठरलं तर प्रशिक्षकांना समोर भेटून सांगायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. सोडलं तरी हलका चौकोन ठेवायचा, आठवड्यातून दोनदा साधं धावणं. डॉडची तिरंदाजी अशाच हलक्या चौकोनातून वर आली.

एक खबरदारी आईला वेगळी सांगितली. सकाळी उठल्याबरोबर मोजलेली नाडी नेहमीपेक्षा सलग काही दिवस जास्त, पाय जड, चिडचिड, वजन उतरतंय, आणि विशेषतः पाळी तीन महिने आली नाही, तर ते ‘खेळणाऱ्या मुलींचं असतंच’ म्हणून सोडायचं नाही; बहुधा खाणं कमी पडत असतं. स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायचं, हिमोग्लोबिन तपासायचं. क्रीडावैद्यकात एक ढोबळ दंडकही आहे: आठवड्याला शिस्तीच्या खेळाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नकोत आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. हिचे दहा तास त्यात सहज बसत होते.

हे मोडतं कुठे, तेही पालकांना आधीच सांगावं लागतं. पहिल्या दोन आठवड्यांत सगळं सुरळीत चालतं. तिसऱ्यात घटक चाचणी येते, वडील गाण्याचा रविवार ‘या वेळेपुरता’ मागून घेतात, मूल त्याची भरपाई रात्री करतं आणि गाडी मूळ पदावर. म्हणून परीक्षेच्या आठवड्यात काय कापायचं हे आधीच लिहिलं: धावणं पाचाचं तीन दिवस, गाणं फक्त रविवारी एक तास. शून्य काहीच नाही.

दिवाळीनंतर कुटुंब पुन्हा आलं तेव्हा दोन गाणी पूर्ण होती, तिसऱ्याचा दुसरा अंतरा अडला होता. जिल्हा स्पर्धेत मुलगी चौथी आली, पुढे निवड झाली नाही. तरी डायरीतली वेळ जूनपेक्षा उतरली होती. घटक चाचणीचे गुण होते तिथेच होते, आणि वडिलांच्या लेखी ही बातमी चांगली होती. आता त्यांचा प्रश्न बारावीचा होता. मुलीनं नवा आडवा कागद घरूनच आखून आणला होता: जून ते मार्च अभ्यास काळा, धावणं आणि गाणं दोन्ही फिके, एप्रिलपुढचे चौकोन कोरे. “एप्रिलनंतर कुठलं काळं करायचं ते मी मार्चमध्ये सांगीन,” ती म्हणाली. वडिलांनी कागदावर तारीख घालून घेतली.