दंड थकला म्हणून अमेरिकेत तुरुंग होतो का?

प्रश्न : माझा भाचा जॉर्जिया राज्यात असतो. किरकोळ गुन्ह्यात कोर्टाने त्याला १२ महिन्यांचं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी शर्ती पाळून देखरेखीखाली बाहेर राहणं) दिलं, शिवाय दंड आणि दरमहा देखरेखीची फी. मध्येच नोकरी गेली, दोन हप्ते थकले. ‘पैसे भर, नाहीतर आत जाशील,’ असं प्रोबेशन ऑफिसर म्हणतात. घाबरून तो त्यांच्याकडे हजेरीलाही गेला नाही. आम्ही इथून पैसे पाठवावेत का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी त्याला हजेरीला पाठवा. हप्ता का थकला याचं कारण कोर्टाला सांगता येतं. हजेरी बुडवणं मात्र वेगळा शर्तभंग धरला जातो आणि त्यावरून वॉरंट निघू शकतं. खिशात दमडी नसली तरी ठरल्या दिवशी जायचंच.

आत टाकायचं की नाही हे ऑफिसर नव्हे, न्यायाधीश ठरवतात, तेही सुनावणी घेऊन. याच जॉर्जियातल्या एका खटल्यात बेअर्डन नावाच्या माणसाला प्रोबेशनसोबत ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर भरपाई होती. त्याने २०० भरले, मग काम सुटलं, बाकी थकली आणि त्याला तुरुंगात धाडलं. १९८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम फिरवला: पैसे का भरले नाहीत हे आधी तपासा, मनापासून प्रयत्न करूनही जमलं नसेल, तर आधी दुसऱ्या शिक्षेचा विचार करा.

गोम ‘प्रयत्न’ या शब्दात आहे. ‘काम शोधतोय’ एवढं तोंडी सांगून भागत नाही. कामावरून कमी केल्याचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, भाड्याच्या पावत्या आणि कुठे, कोणत्या तारखेला अर्ज केले त्याची यादी हवी. वीस डॉलर जमले तर वीस भरावेत, पावती घ्यावी आणि ते दंडात जमा झाले की फीमध्ये, हे विचारावं.

सुनावणीची वाट न बघता वकिलामार्फत शर्ती बदलण्याचा अर्ज करावा: फी माफ करा, हप्ता कमी करा किंवा रकमेच्या बदल्यात समाजसेवेचे तास द्या. निव्वळ दंड फिटेपर्यंतच प्रोबेशन असेल, तर जॉर्जियात देखरेखीची फी तीन महिन्यांपुरतीच घेता येते. हे बऱ्याचदा कुणी आपणहून सांगत नाही.

भाचा व्हिसावर असेल तर इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठा. कोर्टखर्चाची नुसती आकारणीही इमिग्रेशन कायद्यात ‘शिक्षा’ धरली जाऊ शकते.

पैसे जरूर पाठवा; पण ते स्टेटमेंटमध्ये दिसणार आणि न्यायाधीश विचारणार. मदत एकदाचीच असेल तर तसं लेखी द्या.