रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही: लाँग कोविडमध्ये असं का होतं?

आईला कोविड होऊन आठ महिने झाले, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, एखाद्या दिवशी ती हसतखेळत कामंही उरकते. मग एरवी झोपून का असते, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोविड झालेली शिक्षिका आहे, तोही साधा, घरीच बरा झालेला.

उत्तर त्या ‘एखाद्या दिवशी’तच आहे. लाँग कोविडमध्ये, म्हणजे कोविड गेल्यावरही महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या त्रासात, दमणूक लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी वसूल होते. त्या वर्षी गणपतीत हौसेने २१ मोदक वळले, आरतीला उभी राहिले. सगळे म्हणाले, “चला, झालीस बरी!” तिसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जाईना. पाहुण्यांनी मोदक पाहिले, पुढचे चार दिवस फक्त नवऱ्याने पाहिले. डॉक्टर याला पोस्ट एक्झर्शनल मॅलेज म्हणतात. झोप काढून ते जात नाही, आणि नुसते पेपर तपासले तरी येतं.

डोक्याचं तर विचारू नका. ऑनलाइन तासाला गणित अर्धं सोडवलं आणि पुढची पायरीच आठवेना. पोरं समजली नेट गेलं. मीही तसंच समजू दिलं. कांद्याच्या फोडणीला वर्षभर नासका वास यायचा, ते वेगळंच.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केलेली लाँग कोविडची व्याख्या साधारण अशी: कोविडनंतर तीन महिन्यांनी त्रास असणं, तो किमान दोन महिने टिकणं आणि दुसरं कारण न सापडणं. म्हणजे नॉर्मल रिपोर्टवरून आईला आळशी ठरवता येत नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर मात्र बघून घ्या. आणखी एक: पडून असताना नाडी मोजा, मग उभं राहिल्यावर दहा मिनिटं मोजत राहा. ती ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल तर फिजिशियनना सांगा. ओट्यापाशी मला घेरी का यायची, ते असंच कळलं. आता उंच स्टुलावर बसून पोळ्या लाटते.

“रोज थोडं थोडं जास्त चाल” हा सल्ला प्रेमाने दिला जातो; मला त्यानेच झोपवलं. आणि “काल तर बरी होतीस” हे वाक्य घरातून हद्दपार करा. आईने एखाद्या दिवशी झपाट्याने काम उरकलं, तर पुढच्या दोन दिवसांचा डबा त्याच संध्याकाळी सांगून ठेवा.