विचारपत्र बंद, करमणूक सुरू

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. मिरजेहून लिहितो आहे. गेली सोळा वर्षं मी एक पाक्षिक काढतो. आठ पानं. पहिल्या पानावर माझा लेख, आत दोन-तीन मित्रांचे, मागच्या पानावर वाचकांची पत्रं. उसाचा दर, कृष्णेचं पाणी, महापालिका, निवडणुका, सगळं लिहून झालं. आता मन उडालंय. मी काय लिहिणार ते वाचकाला आधीच ठाऊक असतं आणि वाचक काय म्हणणार ते मला. म्हणून पाक्षिक बंद करून तीन नव्या गोष्टी काढायचा बेत आहे : एक विनोदी मासिक, एक नाटक-सिनेमाचं साप्ताहिक आणि मुलांसाठी यूट्यूबवर वाचून दाखवलेल्या गोष्टी. मित्र म्हणतात, "रणातून पळालास." बायको म्हणते, "सोळा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाचं सुचलं." वर्गणीदार तीनशेच्या घरात आहेत, काहींची वर्गणी आगाऊ आलेली आहे. जुन्या अंकांचे गठ्ठे माळ्यावर पडून आहेत. नव्या मासिकाला जुनंच नाव ठेवावं का? आणि खरं सांगा, हे पळणं आहे का?
— एक संपादक, मिरज

उत्तर : आधी बायकोचं ऐका, मग माझं.

पळणं वगैरे काही नाही. रण सोडलंस म्हणणाऱ्या मित्रांपैकी किती जण वेळेवर वर्गणी भरतात, ते एकदा वही काढून बघा. सोळा वर्षं पदरमोड करून अंक काढणाऱ्याला थांबायला कुणाची परवानगी लागत नाही. मी काय लिहिणार ते वाचकाला आधीच ठाऊक असतं, असं तुम्ही लिहिलंय ना, तेवढं कारण मला पुरलं. बाकीची कारणं मित्रांना सांगायला ठेवा.

मी कोल्हापुरात एका साप्ताहिकात बरीच वर्षं मुद्रितं तपासायचे. खिळे हातानं जुळवायचे दिवस. एकदा फर्मा मशीनवर चढवताना अग्रलेखाचा शेवटचा परिच्छेदच राहिला. लेख अर्ध्या वाक्यात संपला. संपादक आठवडाभर टपालाची वाट बघत होते, एकाही माणसानं विचारलं नाही. त्याच वर्षी शब्दकोड्यातला एक चौकोन काळा करायचा राहून गेला, तर दुपारच्या आत माणसं जिना चढून वर! एक निवृत्त मामलेदार होते, ते कानावर पेन्सिल तशीच ठेवून आले होते आणि "आडवे सात" कसं बसतच नाही ते आम्हाला उभ्याउभ्या समजावून गेले. मतं वाचकाला स्वतःची असतातच. आपली त्यांच्याशी जुळतायत एवढं दिसलं की लेख अर्ध्यात सोडला तरी त्याचं काही बिघडत नाही. कोडं, गोष्ट, विनोद यांचं तसं नाही. तिथं चुकलं तर तो लगेच पकडतो आणि कंटाळला तर न सांगता निघून जातो. तेव्हा करमणुकीत जरा आराम मिळेल असा हिशोब असेल, तर तो खोडून टाका.

आता तुमच्या मित्रांसाठी एक जुनी हकिकत. १८८१ साली 'केसरी' निघाला, आगरकर त्याचे पहिले संपादक. सामाजिक सुधारणेवरून टिळकांशी बिनसलं, १८८७ मध्ये ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. लोक इतके चिडले की आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली. मतांची अशी धुमश्चक्री चालू असताना, १८९० मध्ये, त्याच पुण्यात पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या हरिभाऊ आपट्यांनी साप्ताहिक काढलं ते 'करमणूक'. त्यांना मतं नव्हती असं नाही. ज्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर शिकवायचे, तिथं ते शिकले होते, आणि सुधारणेच्या बाजूचे होते. तरी तिसरं मतपत्र काढायच्या फंदात ते पडले नाहीत. घरातल्या बायकामुलांनाही हातात घेता येईल असा अंक काढला आणि त्यात क्रमशः 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी छापली. यमूचं लग्न, तिचं वैधव्य, तिचं केशवपन, हे सगळं दर आठवड्याला घराघरात वाचलं जाऊ लागलं. केशवपनावरच्या निबंधाला प्रतिनिबंध लिहिता येतो. यमूला काय उत्तर देणार?

पण यावरून "मीही गोष्टींत गुंडाळून माझीच मतं देईन" असं ठरवू नका. तुमच्या पत्रात ती खुमखुमी मला थोडी दिसते. हरिभाऊंना आधी गोष्ट हवी होती, यमू त्यांना दिसत होती. ज्याला आधी मत हवं असतं त्याची यमू तिसऱ्या प्रकरणात भाषण ठोकायला लागते. मासिक विनोदी म्हणून काढणार असाल तर विनोदीच काढा. उसाच्या दरावर विनोद सुचला तर जरूर छापा, न सुचला तर तो विषय त्या महिन्यापुरता सोडा.

उलट्या दिशेनंही माणसं गेलीच आहेत. अत्रे नाटक-सिनेमात नाव कमावून १९५६ मध्ये 'मराठा' दैनिकाचे संपादक झाले, आणि अग्रलेख लिहायला लागले म्हणून विनोद सोडला असं काही झालं नाही. १९६० मध्ये 'मार्मिक' निघालं ते व्यंगचित्रांचं साप्ताहिक म्हणून. त्यातून सहा वर्षांत काय उभं राहिलं ते तुम्हाला मी सांगायला नको. एका बाजूकडून दुसरीकडे जाणं आपल्याकडे नवं नाही, मिरजेतल्या कट्ट्यालाच ते नवं वाटतंय.

हरिभाऊंची आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १८८८ मध्ये त्यांच्या काकांनी, महादेव चिमणाजी आपट्यांनी, आनंदाश्रम ही संस्था काढली आणि तिचा कारभार हरिभाऊंकडे आला. 'करमणूक' त्यांनी पंचवीसहून जास्त वर्षं चालवली, ती हा आधार असताना. तुमचा आनंदाश्रम कोणता, ते पत्रात नाही. नोकरी, शेती, बायकोचा पगार, जे असेल ते आधी नीट बघून घ्या. विनोदी मासिकाला जाहिराती जास्त मिळतात असं लोक म्हणतात. दिवाळीत मिळतात. भाद्रपदात कुणी विचारत नाही.

आता तीनाचं. एकदम तीन काढू नका. बायकोलाही हेच वाटत असणार, विचारून बघा.

सिनेमाचं साप्ताहिक तर पहिलं रद्द करा. नटनट्यांची बातमी तुमची शाई वाळायच्या आत फोनवर येऊन शिळी झालेली असते. मिरजेत बसून मुंबईची बातमी विकायला तुमच्याकडे काय आहे? पण मिरजेत बसून मिरज विकायला भरपूर आहे. तुमच्याकडे सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांची अख्खी गल्ली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब तुमच्या गावात राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अजून गाणं होतं. पलीकडे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रावर दर वर्षी हौशी मंडळी जीव तोडून नाटकं करतात आणि त्यांना कुठे छापून येतं? निकालाच्या दोन ओळींत. सतारीचा भोपळा कर्नाटकातून येतो की पंढरपुराकडून, तो पोखरताना फुटला तर कारागीर कुणाच्या नावानं बोटं मोडतो, तालमीला रोज उशिरा येणारा नायक नक्की कुठं अडकतो, हे लिहा. हे लिहायला मुंबईचा माणूस येणार नाही. मासिकात याची चार पानं ठेवा, साप्ताहिकाचं खूळ तिथंच जिरेल.

मुलांच्या गोष्टी मला सगळ्यांत आवडल्या. तिथं फक्त हक्काचं सांभाळा. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून मोजून साठ वर्षं त्याच्या पुस्तकांवर वारसांचा हक्क असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या गोष्टी २०११ पासून मोकळ्या आहेत. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणजे चिमणराव-गुंड्याभाऊही २०२४ च्या जानेवारीपासून वाचायला मोकळे. अत्र्यांसाठी २०३० उजाडेपर्यंत थांबावं लागेल. मूळ पुस्तक मोकळं असलं तरी दुसऱ्या कुणाचं ध्वनिमुद्रण, नवं चित्र किंवा नवा अनुवाद मोकळा नसतो, तो उचलू नका. आणि वाचायला स्वतः बसू नका. सोळा वर्षं अग्रलेख लिहिलेल्या माणसाचा आवाज मुलांना लगेच ओळखू येतो. बायको वाचते का बघा.

नाव जुनं ठेवू नका. ज्या नावाखाली लोकांनी पाटबंधारे खात्याला शिव्या वाचल्या, त्या नावाखाली त्यांना पहिले सहा महिने हसू येणार नाही. शिवाय नोंदणी प्रत्येक नियतकालिकाची वेगळी लागते. १८६७ चा जुना कायदा गेला, २०२३ चा नवा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो. नवं शीर्षक मंजूर होईपर्यंत जाहिरातदाराकडून पैसे घेऊ नका. जुनं बंद केल्याचंही रीतसर कळवा. बंद पडलेल्या पाक्षिकाची नोंदणी तशीच लोंबकळत ठेवण्यात काही शान नाही.

वर्गणीचे पैसे ही यातली सगळ्यांत नाजूक बाजू. आगाऊ वर्गणी ज्यांची आहे त्या प्रत्येकाला पत्र टाका : उरलेले पैसे परत हवेत की नवं मासिक हवं? उत्तर आलं नाही तर पैसे परत. विचारल्याशिवाय नवा अंक पाठवून "तुमची वर्गणी इकडे वळवली आहे" असं कळवणारे संपादक मी पाहिलेत. त्यांचं नवं मासिक वाचक हातात घेतो तो रागानंच. तीनशेतले काही वर्गणीदार आता हयात नसतील, घरचे अंक येतो म्हणून घेत असतील. त्यांनाही लिहा, नाव नीट घालून.

शेवटच्या अंकात रडगाणं नको. "वाचकांनी साथ दिली नाही" हे वाक्य तर मुळीच नको, कारण ते वाचणारा नेमका साथ दिलेलाच असतो. नेहमीचा अंक काढा, पहिल्या पानावर चार ओळींची चौकट टाका.

माळ्यावरचे गठ्ठे रद्दीत घालायचे नाहीत. तुमची मतं थोर होती म्हणून नव्हे. वाचकांच्या पत्रांत कुठल्या वर्षी कुठल्या गल्लीत पाणी आलं नाही ते आहे, आणि ते दुसरीकडे कुठेही नाही. वर्षवार बांधून दोन संच करा. एक गावातल्या वाचनालयाला द्या, पण दुसरा नदीपासून लांब. २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाच्या पुस्तकांचं काय झालं ते तुम्ही माझ्याहून जवळून पाहिलंय. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराला विचारा, १८५० पासूनची संस्था आहे. देण्याआधी आपलेच जुने लेख चाळून लाज वाटणारी पानं काढून ठेवायचा मोह होईल. ती पानं तशीच राहू द्या.

प्रश्न : माझे एक आवडते लेखक वर्षानुवर्षं राजकारणावर सडेतोड लिहायचे. हल्ली प्रवास, खाणंपिणं, जुनी गाणी असं हलकंफुलकं लिहितात. फसवणूक झाल्यासारखी वाटते. त्यांना खरमरीत पत्र लिहू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लिहा, पण आधी त्यांचे नवे चार लेख पूर्ण वाचा. वाईट असतील तर वाईट आहेत म्हणून लिहा. "तुम्ही माझ्या वतीनं भांडायचं सोडलंत" म्हणून लिहिणार असाल तर टपालखर्च वाचवा. तुमच्या वतीनं भांडायला तुम्ही आहात, आणि पत्रावरून तुमची लेखणी चांगली धारदार दिसते.

प्रश्न : वैचारिक लेखाला मानधन मिळतं, विनोदी लेखाला "दोन अंक पाठवतो" असं उत्तर येतं. मी काय करावं?
— एक लेखिका, बेळगाव

उत्तर : लेख पाठवतानाच खाली मानधनाचा आकडा लिहा. संपादक म्हणतील, "अहो, हलकं तर आहे." त्यांना सांगा, हलकं लिहायला मी चार खर्डे फाडले, तुमच्या वैचारिक लेखकानं एकही फाडलेला दिसत नाही. तरीही दोन अंकच आले तर पुढचा लेख दुसरीकडे पाठवा. मिरजेहून एक नवं विनोदी मासिक निघतंय असं कानावर आलंय. तिथंही आकडा आधीच लिहा.