लिफ्टचं राहू द्या, सोसायटीचं बोला

बार्शी तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आहे. वय ३९, घरी आई, पत्नी, दोन मुलं. सात एकरांत सोयाबीन आणि तूर. २००६चा ट्रॅक्टर, त्याची अवजार उचलणारी लिफ्ट बिघडली आहे. सकाळी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांचं मशागतीचं अवजार) उचलते, तासाभरात ऑइल तापलं की अर्ध्यावर अडकते, आणि इंजिन बंद केलं की हळूहळू खाली बसते. मिस्त्रीने सील किट, ऑइल, मजुरी धरून ८ हजार सांगितले, पंप बदलला तर २१ हजार. शोरूमवाला म्हणतो, जुन्यात पैसे घालू नका, जीएसटी १२चा ५ टक्के झालाय. नवा ८.२ लाखांना, जुन्याचे १.२ लाख, रोख १ लाख, बाकी ६ लाख कर्ज, १६ टक्क्यांनी. दुरुस्ती करू की नवा घेऊ?

दुरुस्ती. ६ लाख, १६ टक्के, पाच वर्षं म्हणजे दर सहा महिन्यांनी ८९ हजार, वर्षाला जवळपास १.८ लाख. भाड्याच्या कामातून डिझेल जाता तुम्हाला वर्षाला ९० हजार सुटतात, असं तुम्हीच लिहिलंय. उरलेले ९० हजार कुठून आणणार? जीएसटीत ५५ हजार वाचतील, कबूल. पहिल्याच वर्षी व्याज ९० हजारांच्या वर जाईल, ते शोरूमवाला सांगत नाही.

मिस्त्रीला मी शिकवणार नाही. फक्त पंपाला हात लावण्याआधी ऑइलची पातळी, फिल्टर आणि गेज लावून प्रेशर बघायला सांगा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. लिफ्ट बसते ती बहुतेक वेळा सिलिंडरच्या सीलमुळे. तापल्यावर दम तोडते तो पंप झिजल्याचा संशय, पण नुसता संशय. माझ्या वडिलांनी एकदा नवा पंप बसवून घेतला आणि मग कळलं, फिल्टर चोक होता. २१ हजार लागले तरी लागू द्या, पण बघून लागू द्या.

आता तुम्ही न विचारलेलं. ट्रॅक्टरचं कर्ज तुम्हाला १६ टक्क्यांनी का सांगितलं? कारण तुम्ही गावच्या सोसायटीचे, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचे, थकबाकीदार आहात. पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे: ‘सोसायटीचे २.४ लाख गेल्या मार्चला भरले नाहीत, कर्जमाफी होणार असं सगळे म्हणत होते.’ आणि त्याच मार्चमध्ये ५० हजारांचा पॉलिसीचा हप्ता मात्र वेळेवर भरला!

पीककर्ज ३ लाखांपर्यंत असेल आणि मुदतीत फेडलं, तर केंद्र आणि राज्याची सवलत मिळून महाराष्ट्रात व्याज शून्य पडतं. बिनव्याजी पैसे सहसा दुसरं कोणी देत नाही. तारीख चुकली की ७ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षाचेच १७ हजार, आणि मुदतीनंतर बँकेचा साधा दर. आजघडीला २५ हजारांच्या पुढे गेले असतील. लिफ्ट पंपासकट नवी झाली असती. शिवाय थकबाकीदार म्हणून नवं कर्ज मिळालं नाही, म्हणून बी-खत ७० हजारांचं उधारीवर, महिना दीड टक्क्याने. सहा महिन्यांचे आणखी ६ हजार.

माफीचं म्हणाल तर २०१९च्या योजनेत मर्यादा २ लाखांची होती, त्यावरची थकलेली खाती बाहेर राहिली. तुमचं खातं २.४ लाखांचं आहे. पुढच्या कुठल्याही योजनेच्या अटींत ते बसेल, याची खात्री पारावरच्या मंडळींनाही नाही आणि मलाही नाही.

आणि ती पॉलिसी. दहा वर्षं ५० हजार भरा, विसाव्या वर्षी १० लाख घ्या, ‘पैसे डबल’. पैसे सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतात, म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. पीपीएफ ही सरकारी बचत योजनासुद्धा ७.१ देते. विमा किती? ५ लाख. घरात पाच माणसं, कमावता एक आणि ५ लाख! एजंटने हे ‘गुंतवणूक अधिक सुरक्षा’ म्हणून विकलं. मला त्यात दोन्हीही दिसत नाही.

तीन हप्ते, दीड लाख गेलेत. चौथा भरू नका. पण रागाने लगेच मोडूही नका. एजंटकडे नको, कंपनीच्या शाखेत जाऊन दोन आकडे लेखी घ्या: आज मोडली तर किती, आणि पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली तर विसाव्या वर्षी किती. आज ५० हजार आणि तेव्हा ३ लाखांच्या आसपास असं आलं, तर पेड-अप करून विसरून जा. तेव्हाचा आकडा दीड लाखाच्या जवळ घुटमळत असेल, तर मोडा.

डाउन पेमेंटसाठी ठेवलेले १ लाख आणि हप्त्याचे ५० हजार, यातून लिफ्ट करा. उरलेले १.३ लाख सोसायटीला. बाकीचे तूर विकल्यावर द्या, किंवा दागिने महिनाभर बँकेत ठेवून आत्ताच नवं-जुनं करून घ्या, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचला. सव्वा-दीड लाखाला महिन्याचे हजारभर व्याज पडेल. मात्र पैसे भरण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि बँकेच्या शाखेत दोन्हीकडे विचारा, नवं कर्ज कधी मंजूर होणार. भरणा करून घेऊन चार महिने झुलवलं, तर दागिने अडकतात.

५० लाखांचा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, तुमच्या वयाला वर्षाला १०-१२ हजारांत बसावा. उत्पन्नाचा पुरावा मागतील. आयकर रिटर्न भरत नसाल तर कदाचित २५ लाखांचाच मिळेल, तो घ्या. तोवर बँकेतून ४३६ रुपयांचा जीवन ज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा उद्याच सुरू करा, दोन्ही २-२ लाखांचे.

उद्याच म्हणतोय, कारण पत्रात तुम्ही सहज लिहून गेलाय की लिफ्ट बसते म्हणून रोटाव्हेटरखाली दगड लावून पातीत अडकलेलं गवत काढता. ते बंद करा. आधी रोटाव्हेटर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा. वाकून हात पोचेल तेवढंच काढा, बाकीचं लिफ्ट झाल्यावर.