वाचकांचे प्रश्न : डिजिटल वर्गात चंद्र कुठे ठेवायचा?

प्रश्न : मी पुण्यातील एका अध्यापक महाविद्यालयात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत आहे. आंतरवासितेसाठी मिळालेल्या शाळेत मी सातवीच्या वर्गावर चंद्रकलांचा पाठ घेतला. वर्गात प्रोजेक्टर असल्यामुळे मी २४ स्लाइड आणि एक छोटी चित्रफीत तयार केली होती. मुले अगदी शांत बसून पाहत होती आणि पाठनिरीक्षणात ‘शैक्षणिक साधनांचा प्रभावी वापर’ असा शेराही मिळाला. परंतु ‘चंद्राची कोर का दिसते?’ असे लिहायला सांगितल्यावर निम्म्याहून अधिक मुलांनी ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून’ असे उत्तर लिहिले. पुढच्या वर्षी मी शिक्षिका म्हणून उभी राहीन. तंत्रज्ञान किती वापरावे, हे मी कशावरून ठरवावे? खडू-फळ्यावर शिकवले, तर मी मागासलेली ठरेन का?
– एक छात्राध्यापिका, पुणे

उत्तर : शेरा चांगला मिळूनही तुम्ही मुलांची उत्तरे वाचलीत आणि ती वाचून अस्वस्थ झालात, याचे मला फार समाधान वाटले. मुलांचे उत्तर चुकले यात नवल नाही. कोर म्हणजे पृथ्वीची सावली, हा समज मोठ्या माणसांतही सर्रास आढळतो. तुमच्या चित्रफितीने तो समज दूर केला की अधिक पक्का केला, हे मात्र तपासायला हवे. बहुतेक चित्रफितींत पृथ्वी आणि चंद्र शेजारीशेजारी असतात, कारण पडद्याच्या चौकटीत ते तसेच मावतात, आणि इतक्या जवळ असलेल्या चंद्रावर पृथ्वीची सावली सतत पडत असणार असे मुलांना वाटले, तर त्यांचा तर्क चुकीचा म्हणता येत नाही.

प्रत्यक्षात चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे ३० व्यासांइतका दूर आहे. पृथ्वीच्या जागी शाळेतला फुटबॉल ठेवला, तर चंद्र साधारण टेनिसच्या चेंडूएवढा होतो आणि तो फुटबॉलपासून सुमारे २२ फुटांवर धरावा लागतो. मी हे वर्गात करत असे, तेव्हा चेंडू एखाद्या मुलीच्या हातात देऊन ‘तुला वाटेल तिथे चंद्र धर’ एवढेच सांगत असे. ती हमखास हातभर अंतरावर उभी राही. मग मी ‘अजून मागे, अजून मागे’ म्हणत राहिले की बाकांच्या रांगा ओलांडत ती मागच्या भिंतीला टेकेपर्यंत सगळा वर्ग माना वळवून पाहत बसे. एवढ्या अंतरावरच्या चेंडूवर फुटबॉलची सावली रोज कशी पडेल, हा प्रश्न त्यानंतर मुलेच विचारतात.

पुढची पायरी अंधाऱ्या खोलीची आहे. खिडक्या झाकाव्यात, मध्ये सूर्य म्हणून एकच दिवा लावावा आणि प्रत्येक मुलाने (त्याचे डोके म्हणजे पृथ्वी) काडीला टोचलेला चेंडू, म्हणजे चंद्र, हात लांब करून, डोक्यापेक्षा थोडा उंच धरून दिव्याकडे तोंड करावे. दिव्यासमोर चेंडूची अंधारी बाजू दिसते, ती अमावास्या. तिथून डावीकडे सावकाश वळत गेले की चेंडूच्या उजव्या कडेला कोर उमटते, पाव वळणावर अर्धा चेंडू उजळतो आणि दिव्याकडे पाठ झाली की पौर्णिमा होते. त्या क्षणी चेंडू थोडा खाली आणून स्वतःच्या डोक्याच्या सावलीत धरायला सांगा. ते ग्रहण. कला आणि ग्रहण यांतला फरक मूल इथे स्वतःच्या हाताने करून पाहते आणि तो त्याला पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

आता तुमच्या संगणकाची पाळी येते, आणि ती खरोखरच महत्त्वाची आहे. रोज चंद्रोदय सरासरी ५० मिनिटांनी पुढे जातो, हे पाहायला मुलांना महिनाभर जागावे लागेल. स्टेलारियमसारख्या विनामूल्य संगणकप्रणालीत पुण्याचे आकाश घेऊन एकेक दिवस पुढे सरकवला, तर तेच काही मिनिटांत दिसते. घरी आजी संकष्टीचा उपास सोडायला चंद्राची वाट पाहते हे बहुतेक मुलांना ठाऊक असते. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र चतुर्थीला रात्री इतका उशीर का करतो, हे त्यांना पडद्यावर शोधू द्या आणि दिनदर्शिकेत छापलेल्या चंद्रोदयाच्या वेळेशी ताडून पाहायला सांगा. त्यानंतर शुक्ल अष्टमीच्या संध्याकाळी मैदानावर किंवा गच्चीवर उभे राहून पाहण्याचा गृहपाठ द्यावा. सूर्य पश्चिमेला मावळत असतो, अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो आणि पृथ्वीची सावली पूर्वेकडे जात असते. मग चंद्राचा उरलेला अर्धा भाग सावलीने झाकला असे म्हणता येईल का, ते मुलांनी दोन ओळींत लिहून आणावे.

तंत्रज्ञान किती वापरावे, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर या क्रमातच आहे. पाठ टाचण लिहिताना आधी मुलांचा नेमका कोणता गैरसमज दूर करायचा आहे ते ठरवावे, मग त्यासाठी मुलांच्या हातांना काय करता येईल ते पाहावे आणि हातांनी किंवा उघड्या डोळ्यांनी जे शक्यच नाही तिथे पडदा उघडावा. आशय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान यांची परस्परांना छेदणारी तीन वर्तुळे तुम्ही अभ्यासक्रमात पाहिली असतील. मिश्रा आणि कोहलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये ती मांडणी केली आणि तिचा पाया शिक्षणतज्ज्ञ शुलमन यांच्या १९८६ मधील विचारात आहे. परीक्षेत ती आकृती सगळे काढतात. पाठ घेताना मात्र तिसऱ्या, म्हणजे तंत्रज्ञानाच्या, वर्तुळापासूनच सुरुवात होते, ही माझी जुनी तक्रार आहे.

पुण्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. शाळकरी मुलांसाठी दूरचित्रवाणी कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी ही संस्था इथे १९८४ मध्ये सुरू झाली, तेव्हा दूरचित्रवाणीने शाळा बदलेल अशी आम्हा शिक्षकांची मनापासून आशा होती. कार्यक्रम चांगले होते, पण मी ज्या शाळेत होते तिथला संच कुलूपबंद कपाटात असे आणि किल्ली ज्यांच्याकडे असे ते रजेवर असले की तास बुडे. आज बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड प्रत्येक मुलाच्या दप्तरात आहेत, आणि ही फार मोठी सोय आहे. मात्र त्यामागचा आशय आदल्या रात्री स्वतः पाहून, दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर उतरवून ठेवल्याशिवाय वर्गात उघडू नका. देखभालीसाठी गुरुवारी वीज जाण्याचा अनुभव तुम्हालाही असेलच. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली शेकडो खेळणी त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. ती पडद्यावर पाहायची आणि काडी-चेंडू घेऊन वर्गात करायची, हा तंत्रज्ञानाचा मला सर्वांत आवडलेला उपयोग आहे.

तुम्ही मुळीच मागासलेल्या ठरणार नाही. मुख्याध्यापकांनी विचारलेच, तर पाठाआधीची आणि पाठानंतरची मुलांची उत्तरे त्यांच्यासमोर ठेवा. आणि हाच पाठ त्याच वर्गावर पुन्हा घ्यायची परवानगी मागा. ती मुले अजून पृथ्वीच्या सावलीपाशीच थांबलेली आहेत.

प्रश्न : आमच्या गटातील बरेच जण आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पाठ टाचण लिहून घेतात. ते नीटनेटके असते आणि वेळही वाचतो. यात काही गैर आहे का?
– एक छात्राध्यापक, हडपसर

उत्तर : तुम्ही अजून शिकत आहात, म्हणून मला यात धोका वाटतो. उद्दिष्टे, हेतुकथन, गृहपाठ हे रकाने यंत्र सफाईने भरते. परंतु ‘पूर्वज्ञान’ या रकान्यात तुमच्या वर्गातील मुलांना आज काय माहीत आहे ते लिहायचे असते, आणि ते यंत्राला कोणीही सांगितलेले नसते. वर्गाशी न बोलता तो रकाना भरला, तर पुढचे सारे टाचण कोणत्या तरी काल्पनिक वर्गासाठी होते. माहितीतल्या चुकाही यंत्र अतिशय आत्मविश्वासाने लिहिते, त्यामुळे प्रत्येक विधान पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहावे लागते. मुलांची नावे, गुण किंवा छायाचित्रे तर त्यात मुळीच घालू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती हा त्या कायद्यातील मूळ नियम आहे.

एका कामासाठी मात्र ते जरूर वापरून पाहा. तुमच्या घटकावर मुले कोणती चुकीची उत्तरे देऊ शकतील, त्यांची यादी त्याच्याकडून मागा, पाठाच्या आदल्या दिवशी तेच प्रश्न वर्गात विचारा आणि त्यातली किती उत्तरे खरोखर मिळाली ते वहीत नोंदवा. यादीत नसलेले जे उत्तर एखादे मूल देईल, त्यापासून दुसऱ्या दिवशीच्या पाठाची प्रस्तावना करा.